हवेतला मोकळा पट्टा

निवृत्त झाल्यावर माझ्या नवऱ्याचं पहिलं भांडण केबलवाल्याशी झालं. विम्याच्या कचेरीत त्याची उभी हयात गेली आणि तिथे तो कोणाशी चढ्या आवाजात बोलल्याचं कोणालाच आठवत नाही. घरी बसल्यावर मात्र त्याला बारीकसारीक गोष्टी टोचायला लागल्या. केबलवाला नव्या पॅकेजचा कागद घेऊन दारात आला, तेव्हा नवऱ्याने त्याला सांगितलं की आम्हाला संध्याकाळच्या बातम्या आणि सकाळी एखादं गाणं एवढंच लागतं, बाकीचं काढून टाका. केबलवाला म्हणाला, असं सुटं मिळत नाही, गठ्ठाच घ्यावा लागतो.

"मला एक पोळी खायचीय," नवरा म्हणाला, "आणि तुम्ही मला मंगल कार्यालय भाड्याने देताय."

त्याच संध्याकाळी आमची वायर निघाली. मग तो इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत खेपा घालायला लागला. तिथल्या एका दुकानदाराकडे त्याने टीव्हीचा अँटेना मागितला, तर दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "शाळेच्या प्रदर्शनासाठी का?" तरी शेवटी त्याला अँटेना मिळाला, त्याच्याबरोबर लावायचा एक डिजिटल डबाही मिळाला, आणि आमच्या वारज्याच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीला त्याने तो स्वतः बांधला. गच्चीवरून सिंहगड दिसतो. गडावर टीव्हीचा सरकारी मनोरा आहे. त्या मनोऱ्यावरून हवेतून फुकट येणाऱ्या वाहिन्या अजून येतात, ही गोष्ट मी विसरूनच गेले होते. मला वाटतं पुणंही विसरलं होतं.

वाहिन्या अगदी मोजक्या आल्या. त्यात संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागायचा, आणि नवरा तो मन लावून बघायचा. आम्हाला शेती नाही. गॅलरीच्या ग्रिलमध्ये तुळस आहे आणि एक अळूची कुंडी आहे. त्या अळूला त्याने बोंडअळीची लक्षणं लागू करून बघितली.

सोसायटीच्या अध्यक्षांनी लिफ्टशेजारी पाटी लावली: "गच्चीवर कोणीतरी धातूची अनधिकृत वस्तू उभी केली आहे. ती काढून घ्यावी. ती कोणाची आहे हे आम्हाला माहीत आहे." नवऱ्याने पाटी वाचली, 'अनधिकृत'मधली चुकलेली वेलांटी पेनने दुरुस्त केली आणि वर निघून गेला.

मी घरी बसून इंग्रजीचं मराठी करून देते. औषधाच्या बाटलीबरोबर येणारी घडीची पत्रकं, कारखान्यातल्या सुरक्षेच्या सूचना, क्वचित एखादी सरकारी पुस्तिका. त्या उन्हाळ्यात मला एका ग्राहक मंचाच्या प्रमुखांचा फोन आला. ते निवृत्त प्राध्यापक होते आणि फोनवरही वर्गात बोलल्यासारखे थांबत थांबत बोलायचे. स्पेक्ट्रमवर एक खुली चर्चा ठेवायची होती, आणि त्यासाठी आलेली सगळी इंग्रजी निवेदनं मराठीत हवी होती.

मी निवेदनं वाचली. वाद तसा साधा होता. टीव्हीचं चित्र हवेतल्या लहरींवरून येतं, आणि त्या लहरींचा एक पट्टा पूर्वीपासून टीव्हीसाठी राखून ठेवलेला आहे. मोबाइलवाल्यांचं म्हणणं असं की अँटेना लावून टीव्ही बघणारं आता कोणी उरलेलं नाही, पट्टा पडीक आहे, तो आम्हाला द्या, आम्ही गावोगाव इंटरनेट पोचवू. प्रसारणवाल्यांचं म्हणणं असं की पट्टा आमचा आहे आणि आम्ही त्यावरून टीव्ही थेट लोकांच्या मोबाइलमध्ये सोडणार आहोत, इंटरनेटशिवाय, पूर आला तरी, नेट गेलं तरी. दोन्ही बाजूंच्या निवेदनांत पानोपानी प्रेक्षक होता. एकाच्या निवेदनात तो संपलेला होता, दुसऱ्याच्या निवेदनात तो डोळे लावून बसलेला होता.

स्पेक्ट्रमला मी 'लहरपट्टा' असा शब्द केला. प्राध्यापकांना तो क्लिष्ट वाटला. सामान्य माणसाला लहरी म्हटलं की लहरी स्वभाव आठवतो, असं त्यांचं मत पडलं. निमंत्रणाचा मसुदा त्यांनी स्वतः दुरुस्त केला आणि छापायलाही दिला. त्यावर ठळक अक्षरांत आलं: 'शहरावरील मोकळा पट्टा: वापर कोणी करावा?' मी फोन करून म्हटलं की यातून भलताच अर्थ निघेल. ते म्हणाले, "बाई, पुण्यातला माणूस सुज्ञ असतो."

त्याच फोनवर बोलता बोलता मी म्हणून गेले की आमच्याकडे अजून अँटेनावरच टीव्ही बघतात.  

"बघतात?" त्यांनी विचारलं. "म्हणजे प्रत्यक्ष?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. दोन्ही बाजू प्रेक्षकाच्या नावाने बोलणार होत्या, तेव्हा मंचावर एखादा खरा प्रेक्षक असावा असं त्यांनी ठरवलं होतं, आणि तो काही केल्या सापडत नव्हता. मंचाचे कार्यकर्ते माना वर करून शहरभर फिरले होते. येरवड्यात एका बैठ्या घरावर अँटेना दिसला, पण घराला कुलूप होतं आणि शेजाऱ्यांना ते कधी उघडं बघितल्याचं आठवेना. लोणी काळभोरला तर भला मोठा अँटेना मिळाला. हे लोक आनंदाने अंगणात शिरले. घरधनीण म्हणाली, "टीव्ही हाय की, पण त्यो डिशवर हाय. ह्यो दांडा दोडक्याच्या येलाला ठिवलाय." दोडके छान लागले होते, असं प्राध्यापक म्हणाले. कार्यकर्त्यांना तिने पिशवीभर दिले.

अशा रीतीने माझा नवरा पुण्याचा प्रेक्षक झाला.

त्याला हे सांगितलं तेव्हा तो पेपर वाचत होता. त्याने चष्मा काढला आणि विचारलं की तिथे करायचं काय. मी म्हटलं, बसायचं, आणि विचारलं तर मत सांगायचं. "माझं?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने परत चष्मा लावला, पण बराच वेळ पान काही उलटलं नाही.

चर्चेच्या आधी दोन्ही पक्षांना प्रेक्षक बघायचा होता. पहिल्यांदा प्रसारणवाले गृहस्थ आले. त्यांनी सगळी नोकरी टीव्हीच्या मनोऱ्यांवर केली होती आणि आता निवृत्तीनंतर त्या बाजूने बोलायला ते जात असत. रविवारी सकाळी आले, बाहेर चपला काढल्या आणि आमच्या टीव्हीसमोर हात जोडल्यासारखे पोटावर धरून उभे राहिले. पडद्यावर कोणीतरी गाजरगवताबद्दल बोलत होतं. मी चहा आणला तरी ते बसेनात. मग त्यांनी नवऱ्याला विचारलं की काही तक्रार आहे का.

नवऱ्याची तक्रार होती. शेतीच्या कार्यक्रमात तज्ज्ञ औषधाचं नाव सांगायला लागले की नेमके त्याच वेळी चित्राचे चौकोन चौकोन होतात आणि आवाज जातो. पुढे फवारणी कशी करायची ते नीट ऐकू येतं. कशाची करायची तेवढंच कळत नाही.

त्या गृहस्थांचे डोळे भरून आले. त्यांनी खिशातून रुमाल काढला. "एवढ्या वर्षांत मला कोणी तक्रार केली नव्हती," ते म्हणाले. "आम्ही समजायचो, सगळं उत्तम चाललंय. मग एकदा मनोरा अख्खा दिवस बंद पडला, तेव्हाही कोणाचा फोन आला नाही."

नवरा त्यांना गच्चीवर घेऊन गेला. दोघं तासभर तिथे होते. खाली आले तेव्हा ते एकमेकांना नावाने हाक मारत होते, आणि पन्नाशीनंतर माझ्या नवऱ्याने कोणाशी अशी ओळख केलेली मी बघितली नव्हती.

मोबाइलवाले गृहस्थ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसमधून परस्पर आले. तिशीतले असतील, उंच, पाठीला लॅपटॉपची बॅग. मूळचे बुलढाण्याकडचे होते, बोलणं पुण्याचं आणि इंग्रजीचं मिळून झालेलं. फार अदबीने वागत होते. सोफ्याच्या कडेवर बसून त्यांनी नवऱ्याला समजावलं की याच लहरींवर खेड्यातल्या दवाखान्यात इंटरनेट जाऊ शकतं, पोरांना अभ्यास करता येतो, या लहरी भिंतींतूनही आत शिरतात, म्हणून तर सगळ्यांना त्या हव्यात. मला त्यांचं म्हणणं पटत होतं. नवराही मान डोलवत होता.

"काका, टेक्निकली बघायला गेलं तर," ते शेवटी म्हणाले, "अख्खा हायवे आहे आणि त्यावर तुम्ही एकटे चाललाय."

"मी कडेने चालतो," नवरा म्हणाला.

तेवढ्यात त्यांना एक फोन करायचा होता. आमच्या बैठकीच्या खोलीत मोबाइलला रेंज येत नाही. ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, परत आले, मग मी त्यांना गॅलरीतली अळूच्या कुंडीशेजारची जागा दाखवली. तिथे जरा बाहेर वाकलं की आवाज येतो. ते वाकून बोलत राहिले.  नवऱ्याने गॅलरीतला दिवा लावून दिला, म्हणजे त्यांना कठडा दिसावा.

या भेटींची बातमी सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही. अध्यक्षांनी जुनी पाटी काढून नवी लावली: "गच्चीवरील वस्तूस कोणीही हात लावू नये. ती चर्चेत आहे."

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. पण नवरा ती जबाबदारी मनावर घ्यायला लागला, आणि मला त्याचा त्रास व्हायला लागला. पूर्वी तो शेतीचा कार्यक्रम बघायचा आणि फिरायला जायचा. आता तो सगळंच बघायला लागला. त्याला न आवडणारी नाटकं, चर्चासत्रं, एका वाहिनीवर पुन्हा पुन्हा लागणारा पाळणाघरांचा माहितीपट. बघताना ताठ बसायचा. त्याचं फिरणं बंद झालं, दुपारची झोप बंद झाली. मी म्हटलं, अहो, हे कशाला बघताय, यातलं तुम्हाला काही आवडत नाही. तो म्हणाला की आवडण्याचा प्रश्न नाही. आपण नाही बघितलं तर आज हे पुण्यात कोणीच बघितलं नाही असं होईल.

माझ्या भाचीच्या साखरपुड्याला तो उशिरा आला. कर्वेनगरच्या हॉलमध्ये सगळे त्याची वाट बघत थांबले होते, कारण मुलीला वडील नाहीत आणि त्यांच्या जागी त्याने बसायचं ठरलं होतं. शेवटी तो घाईघाईने आला, फेटा बांधून घेतला, आणि मुलाच्या वडिलांनी वाहतुकीबद्दल विचारलं तेव्हा खरं सांगून टाकलं की उसावरच्या हुमणी किडीचा भाग होता टीव्हीवर. मुलाकडच्यांनी आम्हाला बागायतदार समजून जास्तच मान दिला. घरी येताना रिक्षात मी त्याला बोलले. मी म्हटलं, तुम्ही बघितलं काय नि न बघितलं काय, गडावरचा मनोरा काही तुमच्यासाठी उभा नाही.

 वारज्याच्या पुलापाशी तो म्हणाला, "ऑफिसात मी एखाद्या दिवशी गेलो नाही तर कोणाला कळायचंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मीच सांगायचो, काल मी नव्हतो."

 त्यानंतर मी त्याला टीव्हीवरून बोलणं सोडून दिलं. उलट चहा तिथेच नेऊन द्यायला लागले.

चर्चा नवी पेठेतल्या एका सभागृहात होती, रविवारी सकाळी. पन्नास माणसं आली तर डोक्यावरून पाणी, असं प्राध्यापक म्हणाले होते. आम्ही पोचलो तर जिन्यापर्यंत रांग. टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांचा एक गट टोप्या घालून आला होता. दोघातिघांच्या हातात गुंडाळलेले नकाशे होते. एक गृहस्थ दारातच सगळ्यांना बांधकाम व्यवसायाची कार्डं वाटत होते. प्राध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले की विषयाला प्रतिसाद अपेक्षेपेक्षा चांगला आहे. 

प्रास्ताविक संपायच्या आतच टेकडीवाल्या गटाचे पुढारी उठले. त्यांनी विचारलं की हा पट्टा नक्की येतो कुठे, नदीच्या अलीकडे की पलीकडे.

"पट्टा हवेत आहे," प्राध्यापक म्हणाले.

पुढाऱ्यांनी मागे वळून आपल्या लोकांकडे बघितलं. "म्हणजे वाढीव एफएसआय, वर जादा मजले," ते म्हणाले, आणि सगळ्या टोप्या हलल्या.

प्राध्यापकांनी पंधरा मिनिटं खर्चून लहरी म्हणजे काय ते सांगितलं. टेकडीवाल्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मग अशी सूचना मांडली की पट्टा जमिनीवर असो वा हवेत, त्यातला काही भाग ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव ठेवावा आणि तिथे बाके असावीत. सूचना इतिवृत्तात घेतली गेली. नकाशेवाले उठून गेले. कार्डं वाटणारे गृहस्थ मात्र शेवटपर्यंत थांबले, कारण मध्ये अल्पोपाहार होता.

मग मुख्य वाद सुरू झाला. प्रसारणवाल्यांनी पुराचं उदाहरण दिलं. मोबाइलवाल्यांनी दवाखान्याचं दिलं. एक म्हणाले, हवा ही सार्वजनिक विहीर आहे. दुसरे म्हणाले, विहिरीवर कोणी येत नसेल तर निदान पंप तरी बसवू द्या. बोलताना दोघंही "आपला प्रेक्षक" असं म्हणून मंचाच्या कडेला हात करत, आणि तिथे माझा नवरा बसला होता. हात झाला की तो उभा राहून नमस्कार करायचा. चारपाच वेळा असं झाल्यावर प्राध्यापकांनी त्याला चिठ्ठी पाठवली की प्रत्येक उल्लेखाला उठायची आवश्यकता नाही.

अल्पोपाहारानंतर प्रात्यक्षिक होतं. ही कल्पना प्रसारणवाल्यांची. सभागृहात मोठा टीव्ही होता आणि नवऱ्याने आमच्या गच्चीवरचा अँटेना सोडवून, भाजीच्या पिशवीत घालून, डब्यासकट आणला होता. पिशवीतून दांड्या बाहेर आल्या होत्या, त्यामुळे बसमध्ये त्याला आपोआप बसायला जागा मिळाली होती. वायरी जोडल्या, टीव्ही लावला. पडदा निळा. अँटेना टेबलावर ठेवला, निळा. टेबलावर खुर्ची आणि खुर्चीवर अँटेना असं करून बघितलं. प्रसारणवाले गृहस्थ घामाघूम झाले. ते म्हणाले की सिंहगड कोणत्या खिडकीला येतो ते बघायला हवं. त्यावर सभेत दोन मतं पडली आणि दोन्ही बाजूंनी जुने दाखले दिले गेले.

शेवटी मोबाइलवाले उठले. ते सगळ्यांत उंच होते आणि स्वभावाने मदतीला तत्पर. त्यांनी अँटेना उचलून कोपऱ्यातल्या खिडकीशी, डोक्याच्या वर धरला. लगेच चित्र आलं. इतकं स्वच्छ की पुढच्या रांगेतल्या एक बाई "अगं बाई" म्हणाल्या. सकाळचं पुनःप्रसारण चाललं होतं, विषय कांद्याची चाळ.

त्यांनी अँटेना खिडकीच्या गजाला अडकवला आणि हात काढला. चित्र गेलं. परत धरला, आलं. प्राध्यापकांनी धरून बघितला, टेकडीवाल्या पुढाऱ्यांनी धरून बघितला, काही नाही. प्रसारणवाल्यांनी खालीवर बघून सांगितलं की यांच्या अंगाचा उपयोग होतोय, असं कधीकधी होतं.

"मग किती वेळ उभं राहायचं?" मोबाइलवाल्यांनी विचारलं.

"कार्यक्रम संपेपर्यंत," मागून कोणीतरी म्हणालं.

ते सज्जन गृहस्थ खिडकीकडे तोंड करून, दोन्ही हात वर करून उभे राहिले, आणि सभागृह कांद्याची चाळ बघायला लागलं. मला वाटलं होतं पाच मिनिटांत लोक चुळबुळ करतील. तसं झालं नाही. तज्ज्ञ सांगत होते की कांदा ओला भरू नये, पात वाळू द्यावी, मान बारीक झालेलाच कांदा आत घ्यावा. चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला हवा, खालून हवा खेळली पाहिजे. पुण्याची सुशिक्षित माणसं माना हलवत होती. एक बाई पर्समधून पेन काढून निमंत्रणपत्रिकेच्या मागे लिहून घेत होत्या.

मधेच प्राध्यापकांना वेळेचं भान आलं. मोबाइलवाल्यांचं समारोपाचं भाषण व्हायचं होतं. ते म्हणाले की तुम्ही तिथूनच बोला. त्यांनी बोलायला सुरुवात केली: या लहरींचा टीव्हीसाठी होणारा वापर कालबाह्य झालेला आहे. बोलण्याच्या भरात त्यांचा उजवा हात जरा खाली आला आणि चाळीचे चौकोन चौकोन झाले.

"अहो, हलू नका," चारी बाजूंनी आवाज आले.

त्यांनी उरलेलं भाषण न हलता केलं. टीव्ही बंद करणं का गरजेचं आहे हे ते टीव्हीचा अँटेना धरून, खिडकीबाहेरच्या आंब्याला सांगत होते. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला. त्यांना तो घेता येईना. तेव्हा प्रसारणवाले गृहस्थ उठले, त्यांच्या खिशातून फोन काढला आणि त्यांच्या कानाला धरून उभे राहिले. फोन त्यांच्या साहेबांचा होता. सभा कशी चालली आहे असं ते विचारत असावेत, कारण मोबाइलवाले म्हणाले, "सर, गोइंग वेल. आय ॲम होल्डिंग माय पोझिशन."

कार्यक्रम संपला, नावं वर सरकायला लागली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या कोणासाठी होत्या ते मला सांगता येणार नाही. मोबाइलवाल्यांचे खांदे टेकडीवाल्यांपैकी एकांनी चोळून दिले.

मग प्राध्यापकांनी माझ्या नवऱ्याला माइकपाशी बोलावलं आणि प्रेक्षक म्हणून त्याचं मत विचारलं. तो उठला. माइकसमोर उभा राहिला. त्याने भाषण लिहून आणलेलं मला माहीत होतं, कारण त्यातलं शुद्धलेखन मीच तपासलं होतं. त्याने खिशाला हात लावला, पण कागद काढला नाही. 

"बंद करायचं असेल तर करा," तो म्हणाला. "दवाखान्याला लागत असेल तर दवाखाना मोठा. पण मी बघत असताना मधेच करू नका. चालू असलेला कार्यक्रम संपला की करा."

एवढं बोलून तो जागेवर जाऊन बसला. मी त्याच्याकडे बघत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत त्याने मत दिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्याचे कान लाल झाले होते.

प्रसारणवाल्यांनी ताबडतोब सांगितलं की प्रेक्षकाने प्रसारण अखंड चालू ठेवण्याची मागणी केली आहे. मोबाइलवाल्यांनी सांगितलं की प्रेक्षकाने पट्टा सोडायला तत्त्वतः मान्यता दिली आहे. दोघांनीही त्याचे आभार मानले.

पुढच्या आठवड्यात अहवालाचं इंग्रजी करायला माझ्याकडे आलं, कारण तो दिल्लीला जायचा होता. त्यात वाक्य होतं: 'प्रेक्षक म्हणाले की चालू कार्यक्रम संपेपर्यंत प्रसारण थांबवू नये.' मी प्राध्यापकांना फोन करून विचारलं की इंग्रजीत प्रेक्षक एक करू की अनेक.

"ते आदरार्थी आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, इंग्रजीत आदरार्थी नसतं.  

"मग अनेक करा," ते म्हणाले. "एका माणसाला 'तो म्हणाला' कसं म्हणायचं?"

तेव्हा पुण्यातल्या प्रेक्षकांचं म्हणणं अनेकवचनात दिल्लीला गेलं. पुढे त्याचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. वाद अजून चालू आहे, असं पेपरात अधूनमधून येतं. बाकांची सूचनाही त्या अहवालात होती. मी ती इमानदारीने भाषांतरित केली.

अँटेना परत गच्चीवर चढला. नवऱ्याचं फिरणं पुन्हा सुरू झालं, तेही आपोआप. भाषणानंतर त्याच्यावरचं ओझं उतरलं असावं. आता तो बघतो, पण पाय पसरून, आणि कंटाळा आला तर बंद करतो.

पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी मोबाइलवाले गृहस्थ पुन्हा दारात आले. कामासाठी आलो नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं. त्यांचे वडील गावी कांद्याची चाळ बांधायची म्हणत होते. त्या दिवशी सभेत त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण तोंड खिडकीकडे असल्यामुळे चाळ दिसते कशी तेच त्यांना दिसलं नव्हतं. इंटरनेटवर बघितलं, पण तिथे प्रत्येकाची वेगळी. काकांनी नीट बघितली असेल, असं त्यांना वाटलं.

काकांनी नीट बघितली होती. त्याने आगपेटीच्या काड्या मांडून तळ करून दाखवला, त्यावर पुस्तकं रचून भिंती केल्या, मधली फट बोटाने दाखवली. मग मोबाइलवाले गॅलरीत कुंडीशेजारी वाकून उभे राहिले आणि वडिलांना सांगायला लागले, "बाबा, काका म्हनतात खालून हवा पाहिजे, तळ उचलून घ्या." आतून नवरा ओरडून रुंदी सांगत होता, ते बाहेर वाकून ती पुढे पाठवत होते. वडिलांनी बहुतेक विचारलं की हे काका शेतकरी आहेत का. मोबाइलवाल्यांनी एकदा वळून आत बघितलं. "नाही," ते म्हणाले, "पण बघतात."

चाळ बांधून झाली. उन्हाळी कांदा त्यात चांगला राहिला म्हणे, आणि गावाकडून आमच्यासाठी एक गोणी आली. मोबाइलवाल्यांनी ती ट्रॅव्हल्सच्या बसमधून उतरवून, लिफ्ट बंद होती म्हणून खांद्यावरून चार मजले चढवून आणली. नवऱ्याने गोणी गॅलरीत ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येकाला कांदा कसा टिकवायचा ते समजावून सांगितलं. निम्मा कांदा सोसायटीत वाटला, अध्यक्षांना जरा जास्त दिला. उरलेल्याला महिन्याभरात कोंब फुटले. मी त्याला ते दाखवले.

त्याने एक कांदा हातात घेऊन सगळ्या बाजूंनी बघितला.

"चाळ लागते," तो म्हणाला, आणि चप्पल घालून फिरायला गेला. मी त्या दिवशी पातीची भाजी केली.